दिवसाला चार मिनिटं

"त्यात काय एवढं, आई! लंबकाखालचा नट उजवीकडे पिळायचा. लंबक वर सरकतो, घड्याळ पळायला लागतं. कॉलेजात शिकलेय मी!" सूनबाईनं छाती ठोकून सांगितलं.

भिंतीवरचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. एरवी पडो बापडं! पण महिन्यापूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि डॉक्टरांनी बजावलं, "चारची गोळी म्हणजे चारलाच. दुसरा झटका आला तर..."  आणि सासूबाई गोळी देणार भिंतीकडे बघून. मोबाइलवर त्यांचा काडीचा विश्वास नाही!

पंचाईत आणखी एक होती. आठ महिन्यांची छकुली झोपायची ती त्या टकटकीवरच. टकटक थांबली की कार्टी टक्क जागी!

चारला पाच कमी असताना सूनबाई सासऱ्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर चढली. डाव्या हातानं लंबक धरला. टकटक थांबली. पाळणा कुरकुरला. सूनबाईनं चटकन जीभ टाळ्याला लावली, "टक... टक..."

पाळणा गप्प! ती खुशीत नट पिळू लागली, तोच सासूबाई दारात.

"अगं, अशी काय उभी तू?"

"टक."

"बरं वाटत नाहीये का?"

"टक... टक..." तिनं डोळ्यांनी पाळण्याकडे खुणावलं. सासूबाईंना दिसले ते फिरलेले डोळे!

"अगं बाई! ह्यांचंही अस्संच सुरू झालं होतं गं!"

शेजारचे निवृत्त कंपाउंडर बनियनवरच धावले.

"सूनबाई, हसून दाखवा बरं."

टकटकत हसायला गेली, तोंड वाकडं झालं.

"दोन्ही हात वर."

डावा लंबकावर. उजवाच वर गेला.

"नाव सांगा."

"टक."

कंपाउंडरांनी चष्मा काढला. "वहिनी, गाडी बोलवा."

"तान्हं लेकरू आहे हो तिला!" सासूबाईंनी हंबरडा फोडला. छकुलीनं सूर मिळवला. आता कुणासाठी टकटकायचं!

"आई, मी घड्याळ लावतेय!"

तिची टकटक थांबली. तरी आवाज येतच होता. टक. टक. टक.

लंबक तर तिच्याच मुठीत!

कॉटवर सासरे अर्ध्या तोंडानं टकटकत होते. महिन्याभरातला पहिला आवाज! सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "बोलले गं, हे बोलले!"

पण सासऱ्यांचा धड हात गोळ्यांच्या डबीकडे ताणलेला होता. भिंतीवर चारला पाच कमी. कंपाउंडरांच्या मनगटावर चार वाजून नऊ!

गोळी पोटात गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत सूनबाई त्यांचे श्वास मोजत बसली. काही झालं नाही. फक्त कंपाउंडरांच्या घड्याळाशी जुळवून पुन्हा चालू केलेलं घड्याळ दिवसात अकरा मिनिटं मागे पडलं. धांदलीत नट डावीकडे पिळला होता!

आता कंपाउंडरांचं मनगटी घड्याळ सासऱ्यांच्या उशाशी असतं, आणि सासरे दिवसातून दोनदाच बोलतात. एकदा चार वाजले की, आणि एकदा सूनबाईनं स्टुलाला हात लावला की.

दुसऱ्यांदा जरा जोरात.