चहाच्या वेळेतलं गाणं

चिकलठाण्याच्या लोकगीत मंडळाची स्थापना नव्या गीतांना उत्तेजन देण्यासाठी झाली, असं मंडळाच्या घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलेलं आहे. ही घटना सचिव बद्रीनाथ यांनी स्वतः लिहिली. तेच बद्रीनाथ गेली एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी मोटेवरचं एकच गाणं म्हणत आले होते, याचा उल्लेख घटनेत नव्हता.

यंदा त्यांनी समतोल साधायचं मनावर घेतलं. चार जुनी गाणी, चार नवी. सभासदांनी एकदा तरी ऐकलेलं ते जुनं, अशी सुटसुटीत व्याख्याही केली. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. पण नवं गाणं सुरू झालं की टाळ्या वाजवणाऱ्यांचेच पाय अवघडत आणि सभागृह बाहेर चहाच्या किटलीभोवती जमे. शिस्त बिघडू नये म्हणून बद्रीनाथांनी नव्या गाण्यांची वेळ हीच चहाची वेळ म्हणून जाहीर केली. ते स्वतः कपात साखर दोन चमचे घेत.

बानाबाई पूर्वी विमानतळाशेजारच्या माळावर मेंढरं चारायच्या. शेवटची मेंढी विकली तेव्हा त्यांनी एक गाणं बांधलं. सहा रविवार त्यांनी ते रिकाम्या खुर्च्यांसमोर म्हटलं. कोणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे नियमाप्रमाणं ते नवंच राहिलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा चहाच्या वेळेला लागलं.

सातव्या रविवारी त्या बद्रीनाथांना म्हणाल्या, "भाऊ, मेंढरं गेली, माळ गेला. एवढं गाणं ऱ्हायलंय. एकदा बसून ऐका की."

बद्रीनाथांना खरंच वाईट वाटलं. नियम बदलावा असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी गाण्याच्या नोंदणीचा फॉर्म काढला.

"आज्जीचं हाय मनून सांगा. बाकीचं मी बघतो."

"आज्जीचं नाय, माझं हाय."

"ऐकायला पायजे का नाय लोकांनी?"

बद्रीनाथांनी फॉर्मवर लिहिलं : पारंपरिक. रचनाकार अज्ञात.

त्या दिवशी गाणं पहिल्या नंबरला लागलं.

"इमानाची गं सावली पडली माळावरी,
कोकरू माझं भेदरलं, शिरलं पदरी."

कोणी उठलं नाही. सभासद साहेबरावांनी डोळ्यांना रुमाल लावला. "आमची आज्जी जात्यावर हेच मनायची!" त्यांच्या आजीच्या काळात माळावर विमान कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज 'काहीतरी नवीन घ्या ना' असं लिहिणारी तनुजा म्हणाली, "अशी गाणी आता होत नाहीत." माईक हातात घेऊन बद्रीनाथांनीही सांगितलं, की त्यांची आई हे गाणं म्हणत त्यांना झोपवायची. सांगताना त्यांना ते खरंच आठवत होतं.

बानाबाई जवळ आल्या. "भाऊ, फॉर्मवरचं अज्ञात मंजी मीच का?"

"व्हय."

"लई दिवसांनी लोकांनी ऐकलं. अजून एक बांधलंय. ते माझ्या नावानं लावता?"

"लावतो की," बद्रीनाथ कप उचलत म्हणाले. "चहाच्या वेळेला."

तर अशी ही गोष्ट. अगदी नवी आहे, आजच लिहिली. पण अशी एक गोष्ट फार पूर्वी कुठंतरी ऐकली होती, असं तुम्हाला वाचता वाचता वाटलं असेल, तर बरंच झालं. त्याशिवाय तुम्ही इथवर बसला नसता.