अळी नसलेली वांगी

दोन हजार नऊ साली पेपरात रोज वांग्यांवरून भांडण चाललं होतं. भिवंडीजवळच्या कोन गावच्या केसरीनाथांनी नातवाला सहज विचारलं, "भावेश, जीन बदललेलं वांगं म्हंजे काय रं?" तिथंच चुकलं.

भावेश सायन्सला होता, म्हणजे उत्तर लांबणारच. "आजोबा, चांगल्या झाडाचं बी निवडून वर्षानुवर्षं लावलं की झाड बदलतं. ते मॉडिफिकेशन. परसात तुम्ही बारा वर्षं तेच केलंय. लॅबमध्ये दुसऱ्या जिवाचा जीन घातला, तर ते इंजिनिअरिंग. त्या वांग्याला अळी लागत नाही."

आक्का, केसरीनाथांची थोरली बहीण, तांदूळ निवडत होती. तिला एवढंच कळलं, की केसरीनं वांगं बदललंय आणि बदललेल्या वांग्याला अळी लागत नाही. तिनं परसातली पाच वांगी चिरली. अळी नाही. (पुरावा भक्कम.)

"केसरी, परवा चंपाषष्ठी. खंडोबाला ह्या लॅबच्या वांग्याचं भरीत न्हाय चालायचं."

केसरीनाथ हादरले. चातुर्मासात घरात वांगं वर्ज्य, म्हणून त्यांनी ती नुसती सांभाळली होती. देवाच्या पहिल्या भरितासाठीच.

"आक्का, रोज सकाळी मी अळ्या वेचल्या गं."

"सगळ्या? तुला सोताचा चष्मा गावत न्हाय!"

केसरीनाथ शेजारच्या चिंधूच्या वाडीत गेले. "चिंधू, एखादी अळी असंल तर दे."

"एखादी? टोपली आन!"

घरी येऊन त्यांनी आधी खंडोबाची माफी मागितली. मग काडीनं वांग्याला भोक पाडलं आणि अळीला अदबीनं आत बसवलं.

सकाळी त्यांनी पुढं केलेलं ते वांगं आक्कानं चिरलं. अळी डुलत बाहेर आली.

"अगो बाय, अळी हाय! खरंच घरचं वांगं हाय रं!"

केसरीनाथांचे डोळे भरून आले. "मग लावूया नैवेद्याला?"

"किडकं वांगं? देवाला?" आक्कानं कपाळाला हात लावला. "भावेशला पाठवलाय भिवंडीच्या मंडईत."

चंपाषष्ठीला खंडोबापुढं मंडईतल्या वांग्यांचं भरीत गेलं. चकचकीत, एकसारखी वांगी. बी कुणाचं, कुठलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"कसं झालंय?" जेवताना आक्कानं विचारलं.

केसरीनाथांनी ताटातलं भरीत बोटानं पुसून खाल्लं. मग त्यांनी ताट पुढं केलं आणि आणखी भरीत वाढून घेतलं. परसातल्या वांग्यांचं भरीत त्यांनी बारा वर्षांत कधी दुसऱ्यांदा घेतलं नव्हतं.