पंप कोणी बंद केला?

माझ्याइतकी तीक्ष्ण नजर या शहरात दुसऱ्या कुणाची नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. दिवसा मी विमा कचेरीत दावे तपासतो, पण हाडाचा मी गुप्तहेर आहे. नुसत्या बुटांवरून मी माणसाचा स्वभाव, धंदा आणि सकाळचा नाश्ता ओळखतो. कधीकधी चुकतं, पण त्यात माझा काय दोष? लोकांनी नीट बूट घालायला नकोत?

माझी सर्वांत गाजलेली केस सासुरवाडीतली. गाजलेली म्हणजे, तिच्यावरून मला आजही चिडवतात.

माझे सासरे सैन्यात ट्रक चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात जवळजवळ आपल्याच वयाचा लष्करी ट्रक घेतला आणि अंगणात आणून उभा केला. सासूबाई त्याला सवत म्हणायच्या. ट्रकला खोड एकच. टेकडीचा चढ लागला की इंजिन तापायचं, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, इंजिनावरचा जुना पंप नुसती हवा ओढत राहायचा आणि ट्रक बसकण मारायचा. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "रविवारी मी स्वतः बसणार. हा टेकडीवर गेला तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारात."

सासऱ्यांनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने मागे टाकीजवळ एक छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला. जुना पंप तसाच, हा आपला आधाराला. चढ आला की बटण वर करायचं, मग हा टकटक करत मागून पेट्रोल ढकलणार. पण बटण लावायचं कुठे?

"डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही," सासरे म्हणाले. "मूळ पत्रा आहे तो."

"मग काय माझ्या कपाळावर लावू?" मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं कपाळ वाचलं. डॅशबोर्डखाली एक जुनंच भोक सापडलं. तिथे लोखंडी पट्टी लटकवून, दोन सीटांच्या मधोमध, बोटाएवढ्या लांब दांड्याचं बटण बसवलं. दांडा वर केला की पंप चालू, खाली केला की बंद. अंगणात पंप घड्याळासारखा टकटकला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर बाळ झाल्याचा आनंद होता.

रविवारी निघालो. पुढे सासरे आणि त्यांच्या शेजारी मांडीवर पर्स घेतलेल्या सासूबाई. मागच्या फळीवर मी आणि बायको. आमच्यामागून स्कूटरवर मिस्त्री. टेकडीच्या पायथ्याशी भंगारवाला दोरखंड घेऊन आधीच उभा होता. धंद्यात इतका वक्तशीर माणूस मी पाहिला नाही.

अर्ध्या चढावर ट्रकने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. सासूबाई पर्स घेऊन उतरल्या. पायथ्यावरून भंगारवालाही दोरखंड घेऊन वर आला. मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं.

"साहेब, बटण खालीच आहे. पंप चालूच केला नाहीत."

"केला होता," सासरे म्हणाले. "चढ लागताच केला."

इंजिन निवल्यावर ट्रक उतारावरून मागे घेतला, पुन्हा चढवला. पुन्हा त्याच जागी उचक्या, पुन्हा बटण खाली. हादऱ्याने पडलं असेल म्हणून मिस्त्रीने पट्टीवर बुक्क्या मारून पाहिल्या. बटण जागचं हललं नाही.

आता प्रकरण माझ्याकडे आलं. म्हणजे कुणी दिलं नाही, मीच घेतलं.

"भंगारवाल्याने बटणाला अदृश्य दोरा बांधलाय," मी जाहीर केलं.

"माझ्याकडे हा एवढा जाड दोरखंड आहे," भंगारवाला दुखावून म्हणाला. "दोरा कशाला बांधू?"

मी मिस्त्रीकडे वळलो. "काम चोख झालंय, असं तू काल म्हणालास. निर्दोष माणूस असं कशाला म्हणेल?"

"मग काय वाईट झालंय म्हणू?"

या उत्तराने संशय वाढला. त्याचे बूट बघायला गेलो, तर त्याने चपला घातलेल्या. गुन्हेगार सावध होता.

एवढ्यात सासऱ्यांनी खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि सासूबाईंच्या हातात ठेवली.

"मीच विसरत असेन," ते म्हणाले. "मला वाटतं मी केला, पण केला नसेन. वय झालं. दे भंगारवाल्याला ट्रक. आणि यापुढे मी गाडी चालवत नाही, कुठलीच."

सासूबाई किल्लीकडे बघत राहिल्या. त्यांना ट्रक नको होता, पण हेही नको होतं. बायकोचे डोळे भरले. मला तर फार वाईट वाटलं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना सुखरूप पोचवत आला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "घटना पुन्हा घडवायची! सगळ्यांनी तेव्हा केलं तेच करायचं, फक्त इंजिन बंद ठेवून."

मला काहीच सुचलं नाही की मी असं करतो. ट्रक पायथ्याशी आणला. मी टॉर्च घेऊन थेट ट्रकखाली शिरलो, कारण पुरावा नेहमी खाली असतो.

"चढ लागला," वरून सासऱ्यांचा पडेल आवाज आला. "पंप चालू." माझ्या कानाशी टकटक सुरू झाली. आणि क्षणात थांबली.

"गुन्हेगाराने आत्ताच डाव साधलाय!" मी खालून गरजलो. "कुणीही हलायचं नाही!" मी स्वतः हललो, तेव्हा डोकं चासीवर आपटलं.

"आई," दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "पर्स कशाला अडकवलीस?"

"खुंटीला. चढावर दोन्ही हातांनी समोरची दांडी धरायला लागते ना. बरी सोय केलीय मिस्त्रीने."

सासूबाईंनी पर्सकडे पाहिलं, पर्सखाली वाकलेल्या दांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही विसरला नव्हतात. पंप मीच बंद करत होते." आणि त्यांनी किल्ली परत त्यांच्या हातात दिली.

भंगारवाल्याने दोरखंड गुंडाळला.

यावेळी पर्स सासूबाईंच्या मांडीवर होती आणि बटण त्यांनी स्वतः वर केलं. ट्रक गुरगुरला, चढाला भिडला आणि एकही उचकी न देता टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला. सासरे उडी मारून उतरले, मिस्त्रीच्या गळ्यात पडले आणि वळून पुनःपुन्हा विचारत राहिले, "मी केला होता ना पंप चालू?"

"हो हो, केला होता," सासूबाई आतूनच म्हणत होत्या.

मी मागून उतरत होतो, तोच फळी हलली. ट्रक इंचइंच मागे सरकत होता. सासरे हँडब्रेक लावायला विसरले होते. सासूबाईंनी तिकडे न बघताच हात लांब करून हँडब्रेक ओढला आणि पुन्हा पर्स मांडीवर घेतली. मग केबिनच्या मागच्या खिडकीतून आमची नजरानजर झाली.

"काय जावईबापू," त्यांनी विचारलं, "काही दिसलं?"

"छे," मी म्हणालो. "मला कधी काही दिसतं का?"