राक्षसाच्या पोटातले व्याही

रविवारी सकाळी फोन वाजला आणि गोमाजींची कंबर धरली. त्याआधी ती अगदी ठणठणीत होती. त्याच कंबरेने त्यांनी बैलांपुढे चारा टाकला होता, नातीला पाठीवर घेऊन अंगणभर घोडा घोडा खेळले होते आणि वाकून नव्या बंडीला इस्त्रीही मारली होती. पण फोन आंधळगावच्या व्याह्यांचा, म्हणजे भैय्यालालजींचा होता.

"इवाई, आज जेवाले या. ईनबाईले बी आना. केदारनाथचा व्हिडिओ पाहाचा राहिलाच हाये ना आपला!"

भैय्यालालजी चारधाम करून आले होते. जाताना आणि येताना त्यांनी फोन खिशात म्हणून ठेवला नव्हता. बसची खिडकी, खिडकीबाहेरची झाडं, ढाब्यावरची खाट, खाटेवर घोरणारा ड्रायव्हर, सगळं त्यांनी भक्तिभावाने टिपून आणलं होतं. मागच्या वेळी गोमाजी ते बघायला बसले, तर चार कप चहा झाला तरी बस वाटेतल्या सिवनीच्या पुढे सरकली नव्हती. बरं, मधेच उठायची सोय नाही. पोरीच्या सासऱ्यापुढे जांभईसुद्धा तोंड मिटून द्यावी लागते.

"कसा येऊ जी," गोमाजी कण्हले. "सकाळपासून कंबर धरली. उठता बी येऊन नाही राहिलं."

"अरे बाप्पा! मंग मीच येतो पाहाले."

"नोको नोको! डॉक्टरनं बोलाले बी मना केलं हाये."

एवढं बोलून गोमाजींनी फोन ठेवला आणि टुणकन उठून टोपी शोधू लागले. सत्यभामाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

"काहून खोटं बोलता जी? आपली अंजू त्या घरी नांदून राहिली. उद्या हे उघडं पडलं त त्या पोरीनं सासऱ्याले कोणतं तोंड दाखवाचं?"

"कोण सांगते त्यायले? ते तिकडं आंधळगावले, आपण मोहाडीहून जाणार भंडाऱ्याले."

भंडाऱ्याजवळच्या वनस्पती उद्यानात परीकथेची बाग नवीनच उघडली होती. नात गुंजन आठवडाभर त्यासाठी घर डोक्यावर घेत होती. शेतातला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता, मुलगा धनंजय गाडी काढून उभा होता. अशा दिवशी सिवनीला कोण जाणार?

बाग खरोखर बघण्यासारखी होती. तारेच्या सांगाड्यांवर जिवंत रोपं चढवून मोठमोठी सोंगं उभी केली होती. लाल-हिरव्या पानांचा ड्रॅगन होता, पांढऱ्या फुलांच्या झग्यातली परी होती, पंखवाला घोडा होता. वाटेच्या टोकाला एक हिरवागार राक्षस मांडी घालून बसला होता. त्याची उंची दोन पुरुष आणि पोट गोमाजींच्या धानाच्या कोठीएवढं. गुंजन नुसती नाचत होती. सत्यभामाबाई मात्र परीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "एवढ्या मांडवावर दोडके चढवले असते त गावाले पुरले असते."

धनंजय, गुंजन आणि सत्यभामाबाई जलपरी बघायला पुढे गेले. गोमाजी राक्षसाच्या मिशा कशाच्या केल्यात ते न्याहाळत मागे रेंगाळले. तेवढ्यात ओळखीचा आवाज कानी पडला.

"मित्रहो, हा पाहा पंखवाला घोडा. आता आपण याची शेपटी पाहू."

गोमाजींनी मान वळवली. भैय्यालालजी फोन उंच धरून घोड्याची शेपटी टिपत होते, शेजारी त्यांच्या पत्नी सीताबाई उभ्या होत्या. गोमाजींच्या पायाखालची जमीन सरकली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना मेंदीचं कुंपण, आणि घोड्यानंतर राक्षसाचाच नंबर. अंजूचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. ते सटकन राक्षसाच्या मागे गेले. तिथे पाण्याचा पाइप आत न्यायला जाळीचं एक दार ठेवलेलं होतं. पुढचामागचा विचार न करता गोमाजी त्यातून आत शिरले.

आत सगळ्या लोखंडी सळयाच सळया. उभं राहता येईना, बसता येईना. कंबरेत दुमडून, गुडघे हनुवटीला लावून ते कसेबसे मावले. पानांच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. भैय्यालालजी समोर येऊन ठाकले.

"मित्रहो, हा राक्षस. याचे डोळे पाहा, याचं पोट पाहा..."

पोटात कोळ्याचं जाळं होतं. ते गोमाजींच्या नाकात गेलं आणि आवरता आवरता राक्षस दणदणीत शिंकला.

"अवं, हा शिंकते!" भैय्यालालजी हरखून ओरडले. "मशीन बशवली हाये आतमंदी!"

झालं! जिकडेतिकडे बातमी पसरली. परीपुढची पोरं परीला सोडून धावत आली. आया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. "पुन्हा शिंक ना रे राक्षसा!" असा गलका सुरू झाला. त्यातच पलीकडे माळ्याने पाण्याचा नळ सोडला. राक्षसाच्या डोक्यापासून बारीक धार ठिबकू लागली आणि नव्या बंडीत शिरली. राक्षस आपोआप दुसऱ्यांदा शिंकला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता पुरे करा तुमची शूटिंग," सीताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडं इवाई खाटेवर पडून हायेत. मी म्हटलं होतं आधी त्यायले पाहून येऊ, त तुमाले बाग सुचली. फोन त करा!"

भैय्यालालजी ओशाळले. त्यांनी फोन लावला. राक्षसाच्या पोटात आरती वाजू लागली.

"गाणं बी बशवलं हाये," भैय्यालालजी कौतुकाने म्हणाले.

गोमाजींनी घाईघाईने फोन कानाला लावला आणि तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा धरला. "हालू..."

"इवाई, कशी हाये कंबर?"

"पडूनच आहो जी," गोमाजी कुजबुजले. यात फारसं खोटं नव्हतं.

"आवाज लय खोल गेला तुमचा. आलोच असतो पाहाले, पण रोवणा चालू हाये ना. धानाच्या बांधीत उभा आहो. गुडघाभर चिखल."

गोमाजींनी फटीतून खाली पाहिलं. व्याह्यांचे पांढरे बूट दुधासारखे चकचकीत होते. त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही गिळावी लागली, कारण आपण कुठून पाहतोय ते सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात बागेच्या भोंग्यातून संगीत वाजलं. ते एकदा हवेतून आलं आणि एकदा फोनमधून.

"इवाई," भैय्यालालजी थबकले, "तुमच्या खाटेजवळ भोंगा कायचा वाजते?"

"तुमच्या बांधीत कायचा वाजते जी?"

उत्तर भोंग्यानेच दिलं. तिकीट खिडकीवरचा माणूस सत्यभामाबाईंनी सांगितलेलं इमानेइतबारे वाचून दाखवत होता.

"कृपया लक्ष द्या. मोहाडीहून आलेले गोमाजी आजोबा हरवले आहेत. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर हिरवा दुपट्टा. आजोबा जिथे असतील तिथून त्यांनी तिकीट खिडकीजवळ यावे. आजोबांना कोणताही आजार नाही. कंबर दुखते असे ते सांगतील, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये."

सीताबाईंनी पुढे होऊन राक्षसाच्या पोटावरची पानं दोन्ही हातांनी बाजूला केली. आत हिरवा दुपट्टा, फोन आणि दोन डोळे दिसले.

"राम राम इवाई," त्या म्हणाल्या.

"राम राम ईनबाई," गोमाजी म्हणाले. आता लपण्यात अर्थ नव्हता. बाहेर यावं म्हणून त्यांनी अंग उचललं, आणि कंबरेत कट्कन काहीतरी वाजलं. ते जिथे होते तिथेच राहिले.

"अवो, कंबर धरली!"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. भोंग्याने आधीच सावध केलं होतं. धावत आलेल्या सत्यभामाबाईंनी तर कंबरेवर हात ठेवून सुनावलं, "उठा आता, लय झालं नाटक!"

"माय शप्पत, खरंच धरली! अंजूची आण!"

अंजूचं नाव ऐकलं आणि भैय्यालालजींचं हसू थांबलं. आपल्या सुनेची आण हा माणूस खोटी घेणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्या बुटांसकट ते राक्षसाखालच्या चिखलात उतरले, जाळीच्या दारातून हात घातले आणि धनंजयच्या मदतीने व्याह्यांना सळईसळईतून सोडवून बाहेर काढलं. गोमाजी बाहेर आले ते दुमडलेलेच.

"चुकलं जी माझं," गोमाजींनी वाकल्या अंगानेच हात जोडले. "पोरीले काही बोलू नोका."

"तिले कायले बोलू? तुम्ही बी खोटं बोलले, मी बी. फिट्टंफाट!" भैय्यालालजींनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "आन माझा चिखल त आता खरा झाला."

डॉक्टरांनी महिनाभर खाट सोडायची नाही म्हणून बजावलं. गोमाजींनी ते आनंदाने मान्य केलं. अब्रू वाचली होती, पोरीला कोणी वावगं बोललं नव्हतं, आणि व्याही इतका मोठ्या मनाचा निघाला या विचाराने त्यांना खरोखर भरून येत होतं.

दुसऱ्या दिवशी भैय्यालालजी रीतसर आजारी व्याह्यांना पाहायला आले. सोबत केळी, बिस्किटांचा पुडा आणि मालिशचं तेल होतं. खुर्ची ओढून ते खाटेला खेटून बसले.

"डॉक्टरनं हलाले मना केलं ना?"

"हव जी."

"पाहाले त नाही ना मना केलं?"

गोमाजींनी दाराकडे पाहिलं. दार चार पावलांवर होतं. आतून सत्यभामाबाईंचा आवाज आला, "चहा ठेवू का जी?"

"ठेवा ईनबाई. जास्तच ठेवा." भैय्यालालजींनी खिशातून फोन काढला आणि चष्मा पुसला. "कुठवर आलतो आपण?"

"सिवनी!" गोमाजी घाईने म्हणाले. "सिवनीच्या पुढून लावा."

"ते आता तुम्ही विसरले असान. महिना पडला हाये, घाई कायची? पहिल्यापासूनच पाहू."

पडद्यावर भंडाऱ्याचं बसस्थानक दिसू लागलं. बस उभी होती, आणि ड्रायव्हर अजून यायचा होता.