मोराचा आवाज, घरं सहा

"मोराचा आवाज," धुरंधरसाहेब म्हणाले. "आडवा शब्द चार. घरं सहा."

मोराचा आवाज म्हणजे केका. शब्दकोडी सोडवणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे सांगेल. पण केका दोन घरांत मावते, आणि इथे मोकळी घरं सहा होती. साहेबांनी ती पेनाच्या टोकाने पुन्हा मोजली. सहाच भरली.

"मोर तीनदा ओरडला असेल, साहेब," टायपिस्ट नलिनीबाई म्हणाल्या. "केकाकेकाकेका. बघा, बरोब्बर बसतंय."

"नलिनीबाई, हे शब्दकोडं आहे. जंगल नाही."

जोगेश्वरीच्या त्या सरकारी कचेरीत रोज अकराचा चहा झाला की 'उपनगर-मित्र' नावाच्या छोट्या दैनिकातलं कोडं साहेबांच्या केबिनमध्ये सोडवलं जायचं. कोडं सुटलं की साहेबांची कळी खुलायची आणि पेनाला टोपण न लावता ते तसेच सह्या करत सुटायचे. मग खिडकीबाहेर ताटकळलेल्या लोकांना दाखले मिळायचे. हा क्रम इतकी वर्षं चालला होता की नवीन बदलून आलेल्या माणसाला तो सरकारी नियमच वाटायचा.

टेबलाच्या कोपऱ्याशी उभा असलेला वरिष्ठ लिपिक दशरथ पालव रुमालाने मान पुसत होता. हे कोडं त्यानेच रचलेलं होतं.

हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. सरकारी नोकराला बाहेरचं काम करायचं तर साहेबांची लेखी परवानगी लागते, आणि धुरंधरसाहेबांनी आजवर परवानगी अशी कुणाला दिलेली नव्हती. म्हणून दशरथने कोड्याखाली बायकोचं नाव टाकलं होतं : सौ. सुगंधा. दिवसभर तो दुसऱ्यांच्या सहीसाठी मजकूर लिहायचा. 'आपल्या संदर्भाधीन पत्रास अनुसरून' असली वाक्यं लिहून लिहून त्याची बोटं आणि डोकं दोन्ही बधिर झाली होती. मालाडच्या खोलीत जेवणं उरकल्यावर पाटावर कागद ठेवून तो चौकटी आखायला बसायचा, तेवढंच काय ते त्याचं स्वतःचं काम होतं. ते गेलं असतं तर दशरथकडे वरिष्ठ लिपिक या पदाखेरीज काहीही उरलं नसतं.

मात्र शनिवारी पेंगत पेंगत पाकीट भरताना घोटाळा झाला होता. मंगळवारच्या चौकटीला बुधवारचे संकेत गेले होते. म्हणजे अर्थातच बुधवारच्या चौकटीला मंगळवारचे. आजचा दिवस गेला होता आणि उद्याचाही जाणार होता.

"पालव, तुम्ही का गप्प?" साहेबांनी विचारलं.

"विचार करतोय, साहेब."

"ही सुगंधाबाई मूर्ख आहे. काय?"

"हो, साहेब."

दुपारपर्यंत मोर सुटला नाही आणि साहेबांनी पेन हातात घेतलं नाही. शिपाई गुणाजी फायलींचा गठ्ठा जसा आत घेऊन गेला तसाच बाहेर घेऊन आला. "आज सायेब सही करूचे नाय," त्याने खिडकीतल्या रांगेला सांगून टाकलं. "आत मोर अडाकलो हा."

दशरथला लगेच अंधेरीच्या छापखान्यात फोन करायचा होता. पण कचेरीत फोन एकच, आणि तो साहेबांच्या कोपराशेजारी होता. कचेरी सुटल्यावर तो धावतपळत अंधेरीला पोचला, तोवर संपादक चष्मा पुसत बसले होते.

"पान लागलंय पालव. आता देव आला तरी हलत नाही."

"अहो, पण उद्याचंही कोडं उलटंपालटं आहे!"

"असू दे हो. आपला पेपर वाचतं कोण एवढं!"

दशरथ घरी आला तेव्हा सुगंधा कुळीथ निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, पण एका ठिकाणी तिचा हात थांबला.

"तुमचा साहेब मला मूर्ख म्हणाला?"

"तुला नाही गं. कोडंवालीला."

"नाव माझंच ना खाली? मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो साहेब."

सुगंधाने त्याच्याकडे बघितलं आणि सूप उचलून ती आत गेली. त्या दिवशी कुळथाची पिठी पातळ झाली होती, आणि ती का पातळ झाली हे विचारायची दशरथची छाती झाली नाही.

बुधवारी वर्तमानपत्रात 'कालचे उत्तर' आलं. उत्तर चौकटीप्रमाणे अगदी बरोबर होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं.

"मोराचा आवाज... पाणीपुरवठा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाणीपुरवठा कागदावर तसाच होता.

"आणि आज काय विचारतेय ही? 'नगरपालिकेचे मुख्य काम.' घरं दोन!"

"झोप," नलिनीबाई तत्परतेने म्हणाल्या.

साहेबांनी वर्तमानपत्र मिटलं. एरवी ते रागावले की बोलत. आज ते बोलेनात, म्हणून सगळेच घाबरले. बाहेर खिडकीशी कालची रांग आणि आजची रांग अशा दोन रांगा लागल्या होत्या. सगळ्यांत पुढे वेसाव्याची सरूबाई होती. रहिवासी दाखल्यासाठी ती मासळीचा धंदा बुडवून दुसऱ्या दिवशी आली होती. अडलंय कुठे ते गुणाजीकडून कळल्यावर ती सरळ केबिनचं दार ढकलून आत शिरली.

"सायबा, मोर कसा वरडतो तेच पायजे ना तुला? मी वरडून दाखवू? मग करशील सही?"

"अहो बाई, बाहेर व्हा!"

सरूबाई बाहेर होईना. तिने खरोखरच तोंडाशी हात नेला, तेव्हा साहेबांनी घाईघाईने तिच्या दाखल्यावर सही केली. दोन दिवसांतली तोवरची ती एकमेव सही.

"पालव," साहेब मग म्हणाले, "हे थांबलं पाहिजे. कचेरीचं काम खोळंबतंय. तुम्ही आत्ताच्या आत्ता अंधेरीला जा. त्या सुगंधाबाईचा पत्ता काढा, तिला गाठा आणि लोकांचा दोन दिवस असा छळ का मांडलाय त्याचा खुलासा घेऊन या. ऑन ड्यूटी जा."

सुगंधाबाईला गाठण्यासाठी अंधेरीला जाण्याची दशरथला गरज नव्हती. पण हुकूम तो हुकूम. तो अंधेरीला उतरला, एका उडप्याकडे बसला आणि दोन चहांत स्वतःची यथास्थित कानउघाडणी करून परत आला. वाटेत त्याने खुलासा जुळवायचा प्रयत्न केला, पण दमलेल्या माणसाला थापासुद्धा सुचत नाहीत. केबिनमध्ये उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून निघालं ते सगळं खरंच निघालं.

"बाई दमल्यात, साहेब. दिवसभर नोकरी करतात. तिथे मान वर करायला मिळत नाही. लिहितात त्या आणि सही दुसऱ्याची. रात्री डोळे चुरचुरत असताना कोडं रचायला बसतात. झोपेत कागद इकडचे तिकडे झाले. पण एवढं एकच काम त्यांना मनापासून आवडतं, साहेब. ते सोडायला सांगू नका." नलिनीबाईंनी टाइप करणं थांबवलं.

साहेबही विरघळले. "अरेरे," ते म्हणाले. "आणि मी काय काय बोललो बाईला! कसला तो राक्षस साहेब तिचा? काही माणुसकी?"

"साहेब तसे... म्हणजे वाईट नाहीत."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका, पालव! असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे. काय?"

"हो, साहेब," दशरथ म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द त्याने इतक्या मनापासून कधीच उच्चारले नव्हते.

साहेबांनी तिथल्या तिथे साचलेल्या सगळ्या फायलींवर सह्या केल्या. दोन्ही रांगा संध्याकाळपर्यंत पांगल्या. गुरुवारी आणि शुक्रवारी कोडी नीट आली, झटपट सुटली, आणि साहेब कुणावर ओरडले नाहीत. आपण सुटलो असं दशरथला वाटलं. शुक्रवारी त्याने बायकोसाठी गजराही नेला.

शनिवारी तो पुढच्या आठवड्याची कोडी घेऊन छापखान्यात गेला. पाकीट त्याने दोनदा तपासलं होतं. संपादकांनी ते हातात घेतलं नाही.

"पालव, कसं सांगू... तुमचे धुरंधरसाहेब काल स्वतः आले होते. म्हणाले, सुगंधाबाईंचे हाल बघवत नाहीत, त्यांना विश्रांती द्या. यापुढे कोडं मी करीन. आणि मोबदला नको म्हणाले."

"पण मला नकोय विश्रांती!"

"मी तरी काय बोलणार? तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती." संपादकांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी चहा मागवला. दशरथने तो घेतला नाही.

रविवारभर तो खिडकीत बसून होता. पाटही मोकळा आणि हातही मोकळे. सुगंधा म्हणाली, "झोपा जरा, किती दिवसांनी सवड मिळालीय." तो आडवा झाला, पण झोप काही आली नाही. आपलं काहीतरी मेलंय आणि सांत्वनाला कुणी येणार नाहीये, असं त्याला वाटत राहिलं.

सोमवारी कचेरीत पाय ठेवताच साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पालव, एक गोष्ट सांगतो. या कानाची त्या कानाला कळता कामा नये. 'उपनगर-मित्र'चं कोडं आता मी करणार."

दशरथने जमेल तितकं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं.

"नाव मात्र सुगंधाबाईंचंच ठेवलंय. माझ्याही वर साहेब आहेत, आणि ते परवानगी देणारे नव्हेत. तुम्हाला कळायचं नाही म्हणा. तुम्हाला कुठे असली भानगड!"

"नाही, साहेब."

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर एक चौकट आखलेली होती. घरं वाकडीतिकडी होती आणि कोपऱ्यात एकच शब्द लिहून तीनदा खोडला होता. रविवार साहेबांनाही बरा गेला नसावा.

"मूळ कल्पना माझ्या डोक्यात पक्की आहे," साहेब म्हणाले. "फक्त ते घरं मोजणं, शब्द शोधणं, एकात एक अडकवणं, असलं किरकोळ काम आहे. ते तुम्ही करा. कच्चा मसुदा रोज चार वाजेपर्यंत टेबलावर ठेवत जा. मी नजर घालीन."

"हो, साहेब."

"आणि त्या बाईंसारखे घोळ नकोत."

चार वाजता दशरथने मसुदा ठेवला. पाच वाजता तो परत आला. समासात लाल शाईने शेरा होता : 'चर्चा करावी.' चर्चा झाली. साहेबांनी 'राजीव'च्या जागी 'कमळ' घालायला सांगितलं, कारण कमळ सगळ्यांना समजतं. दशरथने शांतपणे समजावलं की 'राजीव' काढला तर खालचे तीन शब्द कोसळतात. "मग राहू द्या," साहेब मोठ्या मनाने म्हणाले आणि त्यांनी कागदावर सही ठोकली.

बुधवारी ते कोडं छापून आलं. अकराचा चहा झाल्यावर साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात कोडं. एकेक शब्द कसा जागच्या जागी! यामागे काय मेहनत आहे, तुम्हा लोकांना कल्पना नाही यायची."

"बाई सुधारल्या," नलिनीबाई म्हणाल्या. गुणाजीनेही मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या कोड्याचं त्या केबिनमध्ये झालेलं हे पहिलं कौतुक होतं. दशरथ कपबशा गोळा करायला उगाचच गुणाजीच्या मदतीला वाकला.

संध्याकाळी जेवताना त्याने हे घरी सांगितलं. सुगंधाने पानात भात वाढला आणि वर सोलकढी घातली.

"म्हणजे कोडं तुम्हीच करायचं, नाव माझंच, आणि कौतुक तेवढं साहेबाचं?"

"हं."

"मग ते परत तुमचं कधी होणार?"

"साहेब रिटायर झाले की."

"आणि ते कधी होणार?"

"माझ्यानंतर दोन वर्षांनी," दशरथ म्हणाला आणि भात कालवू लागला.