मेण समितीचे तहहयात अध्यक्ष

माणूस पायांनी चालतो, हा गैरसमज सपाट मुलखातल्या लोकांनी पसरवला आहे. नॉर्वेतल्या ग्रेनदाल खोऱ्यात माणूस नोव्हेंबर ते एप्रिल स्कीवर सरकतो आणि उरलेले महिने स्कीविषयी बोलतो.

हाल्वोर मोएन हे दोन्ही व्यवहार वयाच्या शहात्तर वर्षांपैकी चौऱ्याहत्तर वर्षे न चुकता करत आला होता. (पहिली दोन वर्षे तो नुसता ऐकत होता.) शाळेत तो स्कीवर गेला. लग्नाची मागणी घालायलाही स्कीवर गेला आणि ती मुलगी आत विचार करत असताना बाहेर बसून तिच्या स्कीला मेण लावत राहिला. ती हो म्हणाली ती त्या मेणाकडे बघून, असं त्याचं मत होतं. तिचं मत वेगळं असावं, पण ते विचारायचं राहून गेलं आणि मग ती गेली.

मतांच्या बाबतीत तो कंजूष नव्हता. यंत्राने डोंगरावर चढून नुसता खाली घसरणारा इसम हा स्कीवाला नसून सामान होय. चकचकीत घट्ट कपडे घालणाऱ्याने आधी आरशाची परवानगी घ्यावी. आणि ज्याला मेण कळत नाही, त्याला मतदानाचा हक्क देताना देशाने घाई केली.

मेणाचं प्रकरण गंभीर आहे. स्कीच्या तळाला मेण लागतं, म्हणजे चढावर पकड मिळते. कडक थंडीत हिरवं, त्याहून कमी थंडीत निळं, शून्याच्या आसपास जांभळं, ओल्या बर्फाला लाल. या चार रंगांवरून ग्रेनदालमध्ये सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलेनासे झाले. म्हणून स्कीमंडळाने मेण समिती नेमली. अध्यक्ष हाल्वोर, चिटणीस हाल्वोर, सदस्य क्नूट. क्नूट नऊ वर्षांपूर्वी वारला, पण त्याने लेखी राजीनामा दिलेला नसल्याने गणसंख्या पूर्ण भरते. त्याचं मत तटस्थ धरलं जातं. (हयात असतानाही तो तटस्थच असे.)

रोज सकाळी सात वाजता अध्यक्ष बर्फात तापमापक खुपसत आणि वाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीवर त्या दिवसाचं मेण लिहीत. चव्वेचाळीस हिवाळ्यांत जवळपास आठ हजार निर्णय झाले. पैकी एक्कावन्न टक्के बरोबर ठरले. नाणं उडवलं असतं तर पन्नास ठरले असते. वरचा एक टक्का हा अनुभव. तक्रार मात्र एकही आली नाही. ग्रेनदालचा माणूस चढावर मागे घसरायला लागला की कपाळाचा घाम पुसतो आणि म्हणतो, "बर्फ बदलला." मेण चुकलं म्हणणं म्हणजे यजमानाच्या घरी जेवताना आमटी खारट म्हणण्यासारखं आहे.

एवढी भक्कम व्यवस्था एका केसाळ पट्टीने मोडली. तळाला ती पट्टी चिकटवलेल्या नव्या स्की आल्या. त्यांना मेणच लागत नाही. पाच वर्षांत सगळ्या खोऱ्याने त्या घेतल्या. हाल्वोरच्या पोटच्या मुलीने, तोरुनने, त्या घरात आणल्या तेव्हा त्याने दोन दिवस अबोला धरला.

"बाबा, अरे चढावर पकड मिळाली म्हणजे झालं ना?"

"पकड मांजरालाही असते," हाल्वोर म्हणाला. अबोला तिसऱ्या दिवशी सुटला तो असा.

मग मंडळाचा अध्यक्ष आइविंद याने वार्षिक सभेच्या पत्रिकेत सातवा विषय घातला: उपयोग नसलेली पाटी काढून टाकणे. सभा ईस्टरच्या शनिवारी, डोंगरावरच्या झोपडीत. हाल्वोर ते वाचून घाबरला. बायको गेल्यापासून तो सकाळी उठत होता तो त्या पाटीसाठी. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्याने तापमान पाहिलं. शून्य, बर्फ ओला. पाटीवर ठळक अक्षरांत 'लाल' लिहिलं, स्वतःच्या स्कीला लाल फासलं आणि तोरुनला म्हणाला, "चल. तुझ्या केसाळ फळ्यांच्या आधी वर पोचतो. मग बघू कोण पाटी काढतो ते."

तिसऱ्या किलोमीटरपर्यंत तो खरंच पुढे होता. वर मात्र ताजा, कोरडा बर्फ होता आणि तापमान शून्याखाली सहा. मऊ लाल मेणाला तो बर्फ गोळा गोळा चिकटला. हाल्वोरची उंची चार बोटं वाढली आणि सरकणं संपूर्ण थांबलं. तो पाय उचलून टाकू लागला. मागून येणारा प्रत्येक जण बाजूने सळसळत जाताना म्हणत होता, "काय सुरेख हवा आहे!" (खाली कोणीच पाहत नव्हतं. इतकी सभ्यता जगात दुसरीकडे नाही.)

"बर्फ बदलला," हाल्वोर म्हणाला.

"बर्फ होता तिथेच आहे, बाबा. आपण वर आलो," तोरुन म्हणाली. मग तिने संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातात दिलं. "खा. मी थांबते."

"तू हो पुढे."

"थांबते म्हटलं ना!"

ते पोचले तेव्हा सभा अडीच तास चालली होती आणि वॅफल संपत आले होते. हाल्वोरच्या पायांखालचे बर्फाचे गोळे दारात धपकन पडले. सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

आइविंद उभा राहिला. भला माणूस, म्हाताऱ्याचं मन मोडणं त्याला जमेना. त्याने तिथल्या तिथे ठराव बदलला. ही पाटी खोऱ्याचा अमूल्य ठेवा असून ती संग्रहालयात हलवावी, आणि हाल्वोर मोएन यांना मेण समितीचं अध्यक्षपद तहहयात द्यावं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विरोधी मत नाही. क्नूट तटस्थ.

"म्हणजे उद्यापासून मी लिहायचं कुठे?" हाल्वोरने विचारलं.

"संग्रहालयात. छान ऊब असते आत."

"तिथे बर्फ कुठे आहे?"

"म्हणून तर तू कधी चुकणार नाहीस!" आइविंद प्रेमाने म्हणाला.

आणि तसंच झालं. हाल्वोर रोज अकराला, संग्रहालय उघडलं की, खोलीचं तापमान घेतो आणि लिहितो: 'अधिक एकवीस. मेण नको.' समितीचे निर्णय आता शंभर टक्के बरोबर ठरतात. रविवारी तोरुन येते, पाटी वाचते आणि म्हणते, "अगदी बरोबर, बाबा." पूर्वी ती तास तास भांडायची. त्या दिवशी त्याला जेवण जात नाही.

वाचकहो, आपला असा सत्कार अजून झालेला नाही, असं आपल्याला वाटत असेल. खात्री करायची रीत सोपी आहे. आज जेवताना घरात एखाद्या गोष्टीवर ठाम मत द्यावं. कोणी तोंडावर वाद घातला, तर आपण अजून कामावर आहात. सगळे मान डोलावून "अगदी खरं" म्हणाले आणि कोणीतरी भाजी पुढे सरकवली, तर ठराव केव्हाच मंजूर झाला आहे. आपल्याला कळवायचं तेवढं राहिलं.