पुण्याला लाईट हाय का?

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि शेजारचा किसन मेंढपाळ पुरता येडा झालाय, हे मी तवाच गावाला सांगून टाकलं होतं.

लाईट गेली की माणूस बायकोवर ओरडतो, न्हाईतर सरकारवर. किसन धापा टाकत माझ्या ओट्यावर यायचा.

"आबा, लक्ष्याला फोन लावा. पुण्याला लाईट हाय का, इचारा."

लक्ष्या माझा पोरगा, पुण्यात वॉचमन.

"असंल की बे! पुण्याची कावून जाईल? ती काय आपली आष्टी हाय?"

"तरी इचारा."

लक्ष्या 'हाय' म्हणला की किसन "बरं झालं" म्हणायचा आणि आपल्या बंद पंख्याखाली जाऊन निवांत झोपायचा. पुण्यात त्याचा ना पाहुणा, ना सोयरा. घरात एक बल्ब आणि तो पंखा. गाव त्याला 'लाईनमन' म्हणायचं. त्याला राग यायचा न्हाई, हाच मला राग.

मे महिन्यात आम्ही लाईटच्या हापिसाला घेराव घातला. मी चौथी शिकलेला, पण साहेबाला घाम फोडला. तेवढ्यात मागून किसन हात जोडून पुढं आला. "साहेब, आमची आणखी दोन घंटे काढा. पण पुण्याची काढू नका."

साहेब पोट धरून हसला. किसनला एकट्याला च्या पाजला. आम्ही घोषणा गिळून परत आलो.

वाटंत, त्याची मेंढरं चरत होती त्या लिंबाखाली मी त्याला धरला. "कावून बे? कोण हाय तुझं पुण्यात?"

किसन मेंढरांकडं बघत म्हणला, "बापू."

बापू त्याचा एकुलता एक. सहा वर्षांखाली पुण्याचे डॉक्टर गावात आलते. जवान माणसाचं काळीज कावून बंद पडतं, ते त्यांना हुडकायचं होतं. शहरातली, डोंगरातली, परदेशातली, सगळ्या तऱ्हेची माणसं धरायची, रक्त घ्यायचं आणि वीस वर्षं नजर ठेवायची. मी हात दिला न्हाई. म्हणलं, नजर ठेवून काय करता, औषध ठेवा. बापूनं हसत दंड पुढं केलता.

पुढच्या साली ऊसतोडीला गेला. फडात छातीत कळ आली. मुकादम म्हणला, पित्त हाय, सोडा पी. दवाखान्यात नेईस्तोवर संपला. पस्तिशीसुद्धा झाली नव्हती. डॉक्टर नेमानं परत आले आणि बापूचं नाव पुकारलं. त्यांची नजर अशी.

"ती डॉक्टरीणबाई लई रडली, आबा," किसन म्हणला. "मी इचारलं, त्याचं रक्त फेकलं का? म्हणली, न्हाई बाबा, पुण्याला लई गार कपाटात ठिवलंय, पुढच्या पोरांना कामाला येईल. बापूला जाळलं, राख गोदावरीत सोडली. आता तेवढी एकच बाटली राहिली. लाईट गेली तर इतळंल ना ते?"

"तिथं जनरेटर असतंय, येड्या."

"त्याला तेल लागतंय. कुणी वतायचं इसरलं म्हंजी?"

बापूचं काळीज चालू होतं तवा ते तपासायला तालुक्यात धड मशीन नव्हती. आता त्याच्या रक्ताला दिवसरात लाईट हाय. हे कुणाला जाऊन सांगायचं? मी किसनलाच शिव्या घातल्या. "गावाचं वाटोळं केलंस. पुन्हा माझ्या ओट्यावर चढू नको."

तो मान हलवून मेंढरांमागं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी च्या पिताना पंखा थांबला. मी ओट्यावर बसून वाट बघितली. किसन आला न्हाई. मेंढरं घेऊन डोंगराकडं गेलता.

मी फोन लावला. "लक्ष्या, लाईट हाय का तिकडं?"

"हाय की आबा. किसनकाका आलाय का?"

"न्हाई. मीच इचारतोय. कावून, मी इचारू नये का?"

काठी घेतली आणि त्याला सांगायला डोंगर चढू लागलो.